टकटक पोचते, गाणं पोचत नाही: हायस्कूलच्या मुलांना संवाद शिकवायचा म्हणजे नक्की काय करायचं

एक छोटा खेळ आधी करून बघा, मग पुढचं वाचा. सगळ्यांना पाठ असलेलं एखादं गाणं डोक्यात आणा आणि ते समोरच्याला फक्त टेबलावर बोटाने टकटक करून ओळखायला लावा. गुणगुणायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, भुवया उडवायच्या नाहीत. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीच्या कामासाठी हेच करून घेतलं होतं, आणि वाजवणाऱ्यांना आधी विचारून ठेवलं होतं की ऐकणारा ओळखेल का. त्यांचा अंदाज, निम्म्या वेळा तरी ओळखेलच. प्रत्यक्षात १२० गाणी वाजवली आणि ओळखली गेली ३.

वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, सूर, शब्द, ठेका सगळं, त्यामुळे त्याला स्वतःची टकटक ही टकटक वाटतच नाही. ऐकणाऱ्याला मात्र कोणीतरी दार वाजवतंय एवढंच कळतं. आणि मग वाजवणारा चिडतो, अरे एवढं सोपं कसं कळत नाही तुला! ही चिडचिड प्रत्येक टीचरने, प्रत्येक आईबापाने आणि प्रत्येक पंधरा वर्षांच्या पोराने अनुभवलेली असते. माझं म्हणणं असं की हायस्कूलमध्ये कम्युनिकेशन स्किल्स शिकवायची म्हणजे आधी मुलांना हे जाणवून द्यायचं की तुझ्या डोक्यातलं गाणं समोरच्याला ऐकू येत नाहीये बाबा, आणि मग ते पोचावं म्हणून काय काय करता येतं त्याची भरपूर प्रॅक्टिस द्यायची. स्टेज, माइक, हातवारे हे सगळं त्याच्या नंतर.

पण होतं काय की शाळेत हा विषय निघाला की गाडी थेट वक्तृत्व स्पर्धेवर जाते. चाळीस मुलांतली चार मुलं पाठ केलेलं भाषण खाडखाड म्हणून दाखवतात, त्यांना बक्षीस, बाकी छत्तीस टाळ्या वाजवतात, झालं कम्युनिकेशन. पाठांतराला मी वाईट म्हणत नाहीये, पण पाठ केलेल्या भाषणात समोरच्याला कळतंय का हे बघायची गरजच पडत नाही, ते रिकाम्या हॉलमध्येही तेवढंच छान होतं. नाहीतर मग एखादी वर्कशॉप ठेवतात आणि तिथे पहिल्या दहा मिनिटांत स्लाइड येते की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहरा-देहबोलीचा ५५ टक्के.

या आकड्यांबद्दल जरा थांबून बोलायला हवं कारण यांनी फार नुकसान केलंय. १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन छोटे प्रयोग आले, त्यात एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडतेय की नाही. म्हणजे शब्द एक सांगतोय आणि सूर भलतंच सांगतोय अशा वेळी आपण कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतं ते गणित आहे. मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय की भावना आणि आवडनिवड सोडून दुसऱ्या बोलण्याला हे लागू नाही. आणि पटत नसेल तर सोपी टेस्ट आहे, ‘परवाची परीक्षा पुढे ढकलली, आता ती गुरुवारी दुसऱ्या मजल्यावर आहे’ हे एक शब्द न बोलता, फक्त सूर आणि चेहऱ्याने सांगून दाखवा. ९३ टक्के पोचायला पाहिजे ना! मुलांना हे आकडे शिकवले की ती शब्दांवर मेहनत घ्यायचं सोडून उभं कसं राहायचं यावरच अडकतात.

आता याच वयात हे का शिकवायचं, आणि याच वयात ते एवढं अवघड का जातं? लहान मूल वर्गात बिनधास्त उभं राहून काहीही सांगतं, तेच मूल नववीत गेलं की त्याच्या तोंडाला कुलूप. लोकांना वाटतं कॉन्फिडन्स गेला. खरं तर त्या वयात बरोबरीच्या मुलांची नजर ही फार मोठी गोष्ट होऊन बसते. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता, गाडी चालवायचा व्हिडिओ गेम, काही जण एकटे खेळले आणि काहींचे मित्र बाजूला बसून बघत होते. १३ ते १६ वयाची मुलं मित्र बघत असताना कितीतरी जास्त रिस्क घेऊ लागली, २४ च्या पुढच्या मोठ्यांना मित्र असले काय नसले काय, फारसा फरक पडला नाही. गेम आणि भाषण एक नाही हे कबूल, पण जी नजर गेममध्ये गाडी जोरात पळवायला लावते तीच नजर वर्गात गप्प बसवते असं मला वाटतं, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच, हे मला काय म्हणतील. आपण मात्र त्या मुलाला पहिल्याच दिवशी नेमकं त्याच चाळीस जणांसमोर उभं करतो आणि म्हणतो घाबरू नकोस.

घाबरण्याबद्दल दोन गोष्टी मुलांना सरळ सांगून टाकाव्यात, फार उपयोग होतो. पहिली, लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तेवढं बघत नसतात. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं, २००० साली हा अभ्यास छापून आला, घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांना तरी दिसला असणार, लक्षात आला साधारण पाव लोकांच्या. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. बोलताना आपली छाती धडधडत असते, हात गार पडलेले असतात, आणि आपल्याला वाटतं हे सगळं समोरच्यांना दिसतंय. तसं दिसत नाही, निदान वाटतं तेवढं तर नाहीच. गिलोविच यांनीच केनेथ सावित्स्की यांच्याबरोबर २००३ मध्ये हे तपासलं, आणि ज्यांना भाषणाआधी फक्त एवढंच समजावून सांगितलं की तुमची घाबरगुंडी लोकांना वाटते तेवढी दिसत नसते, त्यांची भाषणं चक्क बरी झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. दोन मिनिटांचं सांगणं, खर्च शून्य.

लक्षात आलं का, ही टकटकच आहे, फक्त उलटी! गाण्याच्या वेळी आपल्याला वाटत होतं आतलं सगळं बाहेर पोचतंय आणि ते पोचत नव्हतं, इथेही आतली भीती बाहेर दिसतेय असं वाटतं आणि ती दिसत नसते. दोन्हीकडे चूक एकच, माझ्या आतलं समोरच्याला आपोआप कळतंय असं धरून चालणं.

आणि ‘शांत हो, शांत हो’ म्हणून काही होत नाही हेही सांगून ठेवतो. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत बोलण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला भारी एक्साइटमेंट आलीय’ म्हणणारे जास्त चांगलं बोलले. धडधड तीच, तिला नाव वेगळं दिलं.

बरं, प्रॅक्टिस द्यायची म्हणतोय पण ती द्यायला वेळ आहे का वर्गात? नेड फ्लँडर्स यांनी अनेक वर्षं वर्गांतलं बोलणं मोजलं आणि त्यांचा दोन तृतीयांशांचा नियम शिक्षणाच्या जगात फेमस आहे, वर्गातला दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्या बोलण्यातलं दोन तृतीयांश बोलणं टीचरचं असतं. ४५ मिनिटांचा तास धरा, ३० मिनिटं बोलणं, त्यातली २० टीचरची, उरली १०, आणि मुलं ४०. एका मुलाच्या वाट्याला १५ सेकंद! तेही बहुतेक वेळा तीच पाच-सहा मुलं खातात. काठावर बसवून पोहणं शिकवायचं आणि वर्षाच्या शेवटी म्हणायचं यांना पाण्याची भीती वाटते.

त्यात त्या १५ सेकंदांत होतं काय तेही बघा. टीचर प्रश्न विचारतात, मूल उत्तर देतं, टीचर म्हणतात बरोबर किंवा चूक. ह्यू मेहान यांनी १९७९ मध्ये वर्गातल्या या तीन पायऱ्या नीट मांडल्या होत्या. शिकवायला ही पद्धत वाईट नाही, उजळणीला चांगलीच आहे, पण याला संवाद म्हणता येत नाही कारण विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. रस्त्यात कोणी तुम्हाला विचारलं हा रस्ता स्टेशनला जातो का, तुम्ही हो म्हणालात आणि तो म्हणाला ‘शाब्बास, अगदी बरोबर!’ तर तुम्ही त्याच्याकडे कसं बघाल? मुलं रोज सात तास तसल्याच माणसांशी बोलत असतात.

म्हणून पहिला बदल हा की मुलांना अशी कामं द्यायची ज्यात एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे खरोखरच नाहीये. सगळ्यात सोपं काम म्हणजे पाठीला पाठ लावून बसवायचं, एकाच्या हातात चौकोन-त्रिकोणांची आकृती, त्याने ती सांगायची आणि दुसऱ्याने न बघता काढायची. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने एक शब्दही विचारायचा नाही, दुसऱ्या फेरीत हवे तेवढे प्रश्न विचारायचे. १९५१ मध्ये हॅरोल्ड लेविट आणि रोनाल्ड म्युलर यांनी हेच केलं होतं, सहा आयत एकमेकांना चिकटवून केलेल्या आकृत्या घेऊन, आणि निकाल असा की प्रश्न विचारू दिले तर वेळ जास्त लागतो पण आकृती जास्त बरोबर येते आणि दोघांनाही खात्री वाटते. वर्गात हे करून बघा, पहिल्या फेरीत सांगणारा म्हणतो ‘आता त्याच्या बाजूला एक असा तिरका काढ’, असा म्हणजे कसा, बाजूला म्हणजे कुठल्या, आणि तो हवेत हात फिरवून दाखवत असतो जे पाठ फिरवून बसलेल्या माणसाला दिसणारच नसतं. मग दोघं कागद शेजारी ठेवून बघतात आणि वर्ग खदाखदा हसतो. त्या हसण्यात जे कळतं ते मी तासभर बोलून कळत नाही. दुसऱ्या दिवशी तीच मुलं सांगताना म्हणतात ‘कागद आडवा धर, आता मधोमध बघ’, म्हणजे समोरच्याच्या जागी बसून बोलायला लागतात.

कानगोष्टींचा खेळ पण चालतो पण त्यातून मुलं एवढंच शिकतात की धचा मा होतो. तो का झाला आणि कसा थांबवायचा, हे या आकृतीच्या कामात कळतं.

दुसरा बदल अजून सोपा आणि तरी करायला महाकठीण, गप्प बसणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर टीचर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच ३ सेकंद थांबायला लावलं तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. ३ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, प्रश्न विचारून मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणून बघा, युग गेल्यासारखं वाटतं. याच्या जोडीला आणखी एक पद्धत आहे, फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये सुचवलेली, आधी एकट्याने मनात विचार, मग शेजाऱ्याला सांगणं, मग वर्गाला. जोडीत बोलायला लावलं की एकाच वेळी वीस जण बोलत असतात, वर्गात मासळीबाजार होतो हे खरंय, पण ते मघाचं १५ सेकंदांचं गणित एका झटक्यात बदलतं. आणि लाजऱ्या मुलाला वर्गासमोर ‘आम्हाला असं वाटतं’ म्हणता येतं, ‘मला असं वाटतं’ पेक्षा ते हजार पट सोपं असतं.

ऐकण्याकडे वळतो, कारण खरा घोळ तिथे आहे आणि ते शिकवायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. ‘लक्ष देऊन ऐका रे’ ही सूचना झाली, शिकवणं कुठे झालं? माणसं बोलताना एकाचं संपलं आणि दुसऱ्याचं सुरू झालं यात किती वेळ जातो माहितीये का, २००९ मध्ये दहा भाषांमधल्या गप्पा मोजून बघितल्या तेव्हा सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढाच निघाला. पण एखादा साधा शब्द डोक्यातून तोंडात यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य तयार करत असतो, सगळेच, तुम्ही-मी पण. एरवी गप्पांत हे चालून जातं, पण वाद सुरू झाला की डोकं पूर्णपणे स्वतःच्या वाक्यात जातं आणि समोरच्याचं अर्धंच ऐकू येतं.

यावर कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये एक साधा नियम सुचवला होता, वादात आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणेपर्यंत आपली पाळी नाही. वर्गात मोबाईल शाळेत आणू द्यावा का असला गरम विषय द्या आणि हा नियम लावा. पहिली पाच मिनिटं मुलं वैतागतात, काही जण पोपटासारखे तेच शब्द परत म्हणतात (त्याला मार्क नाहीत, स्वतःचे शब्द पाहिजेत), आणि मग एक मजेशीर गोष्ट होते, कोणीतरी म्हणतं ‘नाही, मी तसं नाही म्हणालो’ आणि दुसऱ्याला खरंच धक्का बसतो. त्याने जे ऐकलं होतं ते त्याच्याच डोक्यातलं होतं. बोलणाऱ्याची टकटक आणि ऐकणाऱ्याने त्यावर लावलेलं स्वतःचं गाणं!

मेसेजमध्ये तर हे फारच होतं आणि मुलांचं अर्धं आयुष्य तिथेच चाललंय, त्यामुळे कम्युनिकेशनच्या तासात चॅटचा विषय नसेल तर तो तास पन्नास वर्षं जुना आहे असं समजा. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलं की ईमेलवर टोमणा ओळखू येतो का. लिहिणाऱ्यांना वाटलं ७८ टक्के वेळा ओळखेल, ओळखला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. लिहिताना आपल्या डोक्यात आपला सूर वाजत असतो, वाचणाऱ्याला फक्त अक्षरं. फळ्यावर ‘ये मग तू’ एवढंच लिहा आणि चार मुलांना चार मूडमध्ये वाचायला सांगा, आनंदाने, रागाने, कंटाळून, घाबरून. मग विचारा हे ग्रुपवर आलं असतं तर तुम्ही कुठलं समजला असता. पोरं आपोआप आपल्या भांडणांचे किस्से सांगायला लागतात, ‘बरं’ लिहून पुढे टिंब दिलं म्हणून दोन आठवडे न बोललेल्या मैत्रिणी वगैरे. नियम त्यांनाच करू द्यावेत, माझा सल्ला एकच, राग आला असेल किंवा माफी मागायची असेल तर टाइप करू नका, फोन करा किंवा समोर जा.

आता अवघड बोलण्याबद्दल. स्टेजवर बोलायची वेळ आयुष्यात किती वेळा येते? पण मदत मागणं, नाही म्हणणं, चूक कबूल करणं, मित्राला ‘तुझं हे मला लागलं’ सांगणं, हे रोजचं आहे आणि यातलं काहीच शाळेत शिकवत नाहीत. मदत मागताना मुलं हमखास ताकाला जाऊन भांडं लपवतात, ‘सर तो धडा जरा मोठा आहे ना’ म्हणतात, आणि सरांना कळत नाही की याला तिसऱ्या पानापासून पुढे काहीच समजलेलं नाही. तर सरावच करून घ्यायचा, मदत मागताना तीन गोष्टी सांगायच्या, मला कुठपर्यंत कळलंय, नेमकं कुठे अडलंय आणि मला तुमच्याकडून काय पाहिजे. भांडणासाठी थॉमस गॉर्डन यांनी १९६० च्या दशकात पुढे आणलेली ‘मी’ने सुरू होणाऱ्या वाक्यांची पद्धत आहे, ‘तू नेहमी असंच करतोस’च्या जागी ‘तू न सांगता गेलास तेव्हा मी तासभर वाट बघत बसलो आणि मला वाईट वाटलं, पुढच्या वेळी एक मेसेज टाक’. काय झालं, मला काय वाटलं, मला काय हवंय. हुशार पोरं लगेच शॉर्टकट काढतात, ‘मला असं वाटतं की तू गाढव आहेस’, सुरुवात मीने केली ना सर! हसून घ्यायचं आणि विचारायचं, यात तुला काय वाटलं ते कुठेय? अशी वाक्यं सुरुवातीला नाटकी वाटतात, वाटू द्या, सायकल शिकतानाही हँडल घट्टच धरतो आपण.

ग्रुपवर्क दिलं की संवाद आपोआप होतो हा अजून एक गैरसमज. नील मर्सर यांनी मुलांच्या गटांतलं बोलणं ऐकून त्याचे तीन प्रकार सांगितलेत. एक भांडणारं, ‘आहे, नाही, आहे, नाही’. दुसरं मान डोलावणारं, सगळे सगळ्याला हो म्हणतात आणि पहिला जे बोलला तेच उत्तर ठरतं. आणि तिसरं शोधणारं, त्यात ‘कारण’, ‘पण समजा’, ‘तुला का वाटतं तसं’ असले शब्द येतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे तिसऱ्या प्रकारचं बोलणं नियम ठरवून शिकवलं तेव्हा कोडी सोडवण्याच्या टेस्टमध्ये मुलं गटात तर सुधारलीच, पण एकेकटी बसवल्यावरही सुधारली. म्हणजे एकमेकांशी नीट बोलायला शिकली आणि त्यातून स्वतःशीही नीट विचार करायला शिकली. हायस्कूलमध्ये तर हे नियम मुलांकडूनच काढून घ्यावेत, मान डोलावणारे गट या वयात सगळ्यात जास्त, कारण मित्राला विरोध करणं म्हणजे मैत्री तोडणं असं वाटतं. गटातल्या एकाला मुद्दाम ‘तू फक्त का असं विचारायचं’ ही ड्युटी द्या, मग विरोध त्याचा राहत नाही, ड्युटीचा होतो.

जी मुलं अजिबात बोलत नाहीत त्यांचं काय? त्यांना एकदम पुढे ढकलू नका आणि कायमची सूटही देऊ नका, दोन्हीने भीती वाढते. पायऱ्या करा, आधी एका मित्राला सांगणं, मग चौघांत, मग जागेवर बसून वर्गाला एक वाक्य, मग उभं राहून, आणि फळ्यापुढे सगळ्यात शेवटी. एका पायरीवर कंटाळा येईपर्यंत राहायचं. जे मूल अडखळतं, तोतरं बोलतं, त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, त्याला पूर्ण करू द्यायचं, वर्गालाही हे शिकवायचं. आणि शांत मूल म्हणजे कम्युनिकेशन कच्चं असं अजिबात नाही, आकृतीच्या खेळात बऱ्याचदा कमी बोलणारी पोरगीच सगळ्यात नीट सांगते कारण ती प्रत्येक वाक्याआधी विचार करते. तसंच फाडफाड बोलणं, उच्चार, कुठल्या भाषेत बोललं, याचा आणि संवादाचा संबंध आपण लावतो तेवढा नाही. ज्या भाषेत मूल विचार करतं त्यात आधी नीट मांडायला शिकू दे, दुसरी भाषा त्यावर चढते.

राहता राहिला मार्कांचा प्रश्न. लिहिता-वाचता येण्याला आपल्याकडे साक्षरता हा शब्द आहे, बोलता-ऐकता येण्याला तसा शब्द नाही, इंग्रजीतसुद्धा १९६५ मध्ये अँड्र्यू विल्किन्सन यांना त्यासाठी ‘ओरसी’ हा नवा शब्द बनवावा लागला, यावरूनच कळतं की मोजमापाचं काय होत असेल. आवाज ५, हावभाव ५, पाठांतर १० असे तक्ते असतात, आणि फीडबॅक म्हणजे ‘छान’, ‘कॉन्फिडन्स वाढव’. वाढव म्हणजे काय करू? त्यापेक्षा ‘दुसऱ्या मुद्द्यावर तू उदाहरण दिलंस तिथे मला कळलं, शेवटी तीन नवे शब्द आले तिथे मी हरवलो’ असं सांगितलं तर त्याला काहीतरी करता येतं. मी स्वतः एक साधी पद्धत वापरतो. बोलणाऱ्याने बोलायच्या आधी एका ओळीत लिहून खिशात ठेवायचं की ऐकणाऱ्यांना काय कळायला हवं. बोलून झालं की चार-पाच ऐकणाऱ्यांनी एका ओळीत लिहायचं की त्यांना काय कळलं. मग चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. मार्क कोणी द्यायची गरजच राहत नाही, चिठ्ठ्या जुळल्या की नाही ते दिसतंच, आणि नाही जुळल्या तर चूक कोणाची यावर जो वाद होतो तो दहा लेक्चरच्या बरोबरीचा असतो.

हीच चिठ्ठी टीचरने स्वतःच्या तासालाही लावावी, कुठलाही विषय असू दे, शेवटची दोन मिनिटं, आज काय कळलं एका ओळीत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अशा ओळी आल्या की मला आधी रागच आला, एवढं सोपं करून सांगितलं होतं, तरी यांना कसं कळलं नाही. अर्धा ढीग वाचून झाल्यावर लक्षात आलं की टेबलावर बोट मीच वाजवत होतो.